शाळेच्या कुंपणापासून सुरुवात करा

तासगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षिकेनं विचारलं आहे: "तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग माझ्याकडे आहे. मोबाइलमुळे मुलांना सिंह, जिराफ, डायनासोर सगळे माहीत आहेत, पण शाळेमागच्या बाभळीवर कोण बसलंय ते सांगता येत नाही. दोघं-तिघं गलोल घेऊन फिरतात. सुरवंट, पाल, साप काहीही दिसलं की चप्पल उगारतात. सहलीला पैसे नाहीत आणि मला स्वतःला पक्ष्यांची नावं फारशी येत नाहीत. मुलांना गोडी कशी लावू?"

ताई, सातारा-सांगलीतल्या शाळांमधून मी बरीच वर्षं निसर्गाचे तास घेते आहे. तुमच्या यादीतल्या शेवटच्या दोन गोष्टींची काळजी आधी सोडून द्या. पैसे नसले तरी चालतं आणि नावं येत नसली तरी चालतं. लागतो तो दर आठवड्याचा ठरलेला अर्धा तास आणि एकच ठरलेली जागा. शाळेमागची ती बाभूळ, तिच्याखालचं गवत, कुंपणाची घाणेरी, हापशाजवळचा ओलावा, एवढं वर्षभर पुरतं. शनिवारी सकाळची शाळा असते, शिवाय आता शाळांसाठी सरकारचा 'आनंददायी शनिवार' हा उपक्रमही आहे. तीच वेळ पकडा.

एकच जागा का, तेही सांगते. वर्षातून एकदा लांब नेलेल्या मुलाला प्राणी दिसतात, पण त्यांच्यात होणारा बदल दिसत नाही. त्याच झुडपाकडे आठव्यांदा गेलेलं मूल म्हणतं, "बाई, गेल्या वेळी इथं कोळ्याचं जाळं होतं, आज नाही." हे वाक्य ऐकू आलं की समजा काम सुरू झालं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ते येणार नाही. मुलं धावतील, ओरडतील, एकमेकांवर कुसळं फेकतील. धीर सोडू नका.

जोड्या लावा. प्रत्येक जोडीला चार मीटर सुतळी द्या आणि तिचा चौकोन करून जमिनीवर टाकायला सांगा. तो एक चौरस मीटर त्या जोडीचा. त्यात काय काय हलतंय, काय काय नाही, ते एका बाजूला कोऱ्या असलेल्या कागदांच्या वहीत लिहायचं किंवा काढायचं. वर्गात दोन-चार साधी भिंगं असली तर उत्तम. एखादं जुनं पांढरं धोतर असेल तर ते झुडपाखाली धरा आणि फांदीवर काठीनं हलकेच टकटक करा. वरून पडणारे कोळी, भुंगे, नाकतोडे, अळ्या बघून मुलं गप्प होतात. पाच मिनिटांत सगळं पुन्हा झुडपावर सोडायचं. हा नियम पहिल्या दिवसापासून कडक ठेवा.

आता नावांबद्दल. मुलानं विचारलं, "हा कुठला पक्षी?" आणि तुम्ही लगेच "वेडा राघू" म्हणालात, की ते वहीत लिहून त्याची नजर दुसरीकडे जाते. त्याऐवजी विचारा, "तो तारेवरून उडाला तो परत कुठं बसला?" मुलं बघत राहतात. पक्षी हवेत झेपावतो, काहीतरी पकडतो, पुन्हा बहुतेक त्याच जागी येतो आणि चोचीतली शिकार तारेवर आपटतो. का आपटतो? त्याला मधमाश्या आवडतात आणि गिळण्याआधी त्यांची नांगी घासून काढायची असते. हे मुलांनी आधी पाहिलं आणि मग आठवड्याभरानं नाव कळलं, तर ते नाव जन्मभर राहतं. तोवर "तारेवरचा हिरवा" एवढं नाव पुरे. शिक्षकाला नावं येत नसणं यात उलट उपयोगी पडतं. तुम्हीही खरोखर बघत असता आणि ते मुलांना कळतं.

चित्राचंही तसंच. मुलं मुंगीला चार पाय काढतात. चुकीवर लाल पेन फिरवू नका. "जा, परत मोजून ये," एवढंच म्हणा. जे मूल तीनदा जाऊन सहा पाय मोजून येतं आणि वर सांगतं की ते सगळे मधल्या भागालाच जोडलेले आहेत, त्याला कीटक म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की माळावर लाल मखमलीचे मृगाचे किडे निघतात. तेव्हा पुन्हा मोजायला लावा. आठ पाय निघतील. म्हणजे हा मुंगीच्या नात्यातला नाही, कोळ्याच्या नात्यातला. हा शोध मुलांनी स्वतः लावलेला असतो.

एकाच गोष्टीवर भरपूर वेळ घालवायचा असेल तर मी कढीपत्त्याचं नाव घेईन. तुमच्या गावात निम्म्या घरांच्या परसात तो असणार. त्याच्या कोवळ्या पानांवर लिंबाच्या कुळावर वाढणारी फुलपाखरं एकेकटं, मोहरीहून लहान, पिवळसर गोल अंडं घालतात. बाहेर येणारी अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट-तपकिरी आणि मधे पांढरा डाग. मुलं आधी "ई" म्हणतात. मग कळतं की पक्ष्यालाही तेच वाटावं अशी तिची सोय आहे. कात टाकत टाकत ती मोठी होते आणि शेवटच्या टप्प्यात एकदम पानासारखी हिरवी. गवताच्या काडीनं डोक्यामागे हळूच स्पर्श केला तर दोन टोकांचं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हे एकदाच करा, प्रत्येक मुलाला करू देऊ नका. अळी दमते.

वर्गात वाढवायची तर डहाळी पाण्याच्या बाटलीत ठेवा आणि बाटलीचं तोंड कापसानं बंद करा, नाहीतर अळी पाण्यात पडते. पानं रोज ताजी हवीत. एक गोष्ट तुमच्या भागात फार महत्त्वाची: द्राक्षबागेशेजारचा किंवा बाजारातून आणलेला कढीपत्ता नको. त्यावर फवारा असतो, अळ्या एका दिवसात मरतात आणि मुलांचं मन मोडतं. कोष करायच्या आधी अळी खाणं सोडून भटकते, मग रेशमाचा एक धागा कमरेला पट्ट्यासारखा बांधून काडीला टेकते. कोष हिरव्या डहाळीवर बहुतेक हिरवा होतो, वाळक्या काडीवर तपकिरी. दोन अळ्यांना वेगवेगळी काडी देऊन हे वर्गात तपासता येतं. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना धरा. फुलपाखरू बहुतेक सकाळी निघतं. पंख ओले, चुरगळलेले असतात. ते वाळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. त्या दिवशी गणिताचा तास मागे गेला तर जाऊ द्या.

कधी कधी कोषातून फुलपाखरू निघतच नाही. त्याला बारीक भोक पडतं आणि चिलटासारख्या इवल्या गांधीलमाश्या बाहेर येतात. त्यांच्या आईनं कोषात अंडी घातलेली असतात. पुष्कळ शिक्षक हा कोष गुपचूप टाकून देतात, मुलांना वाईट वाटेल म्हणून. टाकू नका. मुलं रडतात, चिडतात, मग कुणीतरी विचारतं, "त्या माश्याच नसत्या तर सगळा कढीपत्ता अळ्यांनी खाल्ला असता का?" त्या वयात निसर्गाची ओळख यापेक्षा खरी करून देता येत नाही. आपल्या राज्याचं फुलपाखरू नीलवंत, २०१५ मध्ये तसं जाहीर झालं. तेही लिंबाच्याच कुळावर वाढतं. परसातल्या अळीचं हे नातं सांगितलं की मुलांची मान ताठ होते. आणि कढीपत्ता मिळालाच नाही तर रस्त्याकडेच्या रुईची पानं उलटून बघा. काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी सापडेल. रुईचा चीक मात्र डोळ्यांत जाऊ देऊ नका. पानं तुम्ही तोडा.

दुसरं झाड उंबर. भिलवडीजवळचं औदुंबर तुमच्या मुलांनी पाहिलेलं असणार, तिथं हात जोडलेले असणार. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही असं घरोघर म्हणतात. एक कच्चं आणि एक पिकत आलेलं उंबर वर्गात आडवं कापा आणि भिंग द्या. आत भिंतीला चिकटलेली शेकडो बारीक फुलं दिसतील, पिकत आलेल्यात किडेही. ते किडे म्हणजे उंबराच्याच गांधीलमाश्या. त्या आत शिरून परागकण पोचवतात, त्यांच्याशिवाय बी धरत नाही, आणि उंबराशिवाय त्यांना अंडी घालायला जागा नाही. मग पिकलेल्या झाडाखाली सकाळी अर्धा तास बसा. तांबट, कोकीळ, बुलबुल, साळुंक्या येतील. नशीब असेल तर हरियालांचा थवाही येईल, राज्यपक्षी.

बाकी वर्षभराचं थोडक्यात सांगते. पावसाळ्यात विहिरीवर वाकलेल्या बाभळीवर सुगरणीची घरटी पाहा. विणतो तो नर. उसाच्या पात्याच्या पट्ट्या फाडून आणतो, घरटं अर्धं झालं की मादी तपासायला येते, पसंत पडलं तरच पुढचं काम. आत मातीचे गोळेही लावलेले असतात. विहिरीपासून मुलांना दूर उभं करा. दुर्बीण नसली तरी दिसतं. हिवाळ्यात ज्वारीच्या रानावर भोरड्यांचे थवे येतात, संध्याकाळी आभाळात वळणं घेतात. लांबच्या देशांतून येणारे हे पाहुणे ज्वारी खातात म्हणून शेतकरी हाकलतात, आणि टोळ-नाकतोडेही खातात. दोन्ही बाजू मुलांसमोर ठेवा. घरी बाप गोफण फिरवत असताना शाळेत फक्त "पक्ष्यांवर प्रेम करा" सांगून भागत नाही. ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. उन्हाळ्यात पळस, पांगारा, काटेसावर फुलले की एका झाडाखाली बसून किती जातींचे पक्षी येतात ते टिपा. आणि वळचणीच्या मऊ, कोरड्या मातीत नसराळ्यासारखे छोटे खड्डे दिसतात ते सोडू नका. तळाशी एक अळी जबडा उघडून मुंगी घसरायची वाट बघत असते. गवताच्या काडीनं दोन कण माती आत ढकलली की ती वर माती उडवते. मुलं तिथून हलत नाहीत.

चप्पल उगारण्याबद्दल. भीती उपदेशानं जात नाही, ओळखीनं कमी होते. पालीपासून सुरू करा, कारण ती प्रत्येकाच्या घरात आहे. घरातली पाल विषारी नसते. गृहपाठ द्या: रात्री ट्यूबलाइटखाली दहा मिनिटं बसायचं आणि पाल किती किडे पकडते, किती सुटतात ते मोजायचं. दुसऱ्या दिवशी वर्गात आकड्यांवरून भांडणं होतात. ज्यानं तिला नेम धरताना, शेपूट हलवताना पाहिलंय त्याचा हात चपलेकडे जरा उशिरा जातो.

सापांच्या बाबतीत मी फार कडक आहे. जिवंत साप वर्गात आणणाऱ्या, गळ्यात घालून दाखवणाऱ्या कुणालाही शाळेत बोलावू नका. मुलांच्या मनात त्यातून एवढंच राहतं की धाडस केलं की साप हातात धरता येतो. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी तुमच्या मुलांना माहीत असेल. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशानं जिवंत नागांच्या मिरवणुकीला चाप बसला. तिथल्या लोकांची नागावरची श्रद्धा खरी आहे, तिची टिंगल होता कामा नये. पण नाग दूध पीत नाही आणि त्याला पुंगी आपल्यासारखी ऐकू येत नाही, हे वर्गात स्पष्ट सांगा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांची मोठी छायाचित्रं भिंतीवर लावा, शेजारी धामण आणि दिवड या बिनविषारी. मुलांना नियम मात्र एकच: कुठलाही साप दिसला की थांबायचं, मागं सरायचं, मोठ्यांना सांगायचं. ओळखण्याच्या भानगडीत पडायचं नाही. दंश झालाच तर कापायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठायचं. वन विभागाची मदत १९२६ वर मिळते.

दगड उलटायचे असतील तर ते तुम्हीच, काठीनं, आणि आपल्याकडची कड खाली राहू देत पलीकडची उचलून, म्हणजे खालचा विंचू तुमच्याकडे न येता समोर पळेल. पाहून झालं की दगड होता तसाच ठेवायचा. पलूस, वाळव्याकडच्या नदीकाठच्या शाळांनाही एक सांगणं आहे. कृष्णेत मगरी आहेत, तेव्हा पाण्याच्या कडेला वर्ग न्यायचा नाही. मगर बघायची ती पुलावरून. उन्हाळ्यात मादी काठावर खड्ड्यात अंडी घालते, पावसाच्या तोंडाशी पिल्लं आतून आवाज करतात, मग ती खड्डा उकरते आणि पिल्लांना जबड्यात धरून पाण्यात नेते. हे ऐकलेलं मूल मगरीला फक्त राक्षस समजत नाही. आणि काठापासून दूरही राहतं.

गलोलवाली मुलं. ताई, ती तुमच्या वर्गातली सगळ्यात तयार मुलं आहेत. होला कुठल्या फांदीवर बसतो, कोतवालाचं घरटं कुठल्या झाडावर आहे, पक्षी किती अंतरावर गेलं की उडतो, हे त्यांना ठाऊक असतं. तुम्हाला आणि मलाही नसतं. त्यांना सगळ्यांसमोर रागावू नका. घरट्यांची नोंदवही त्यांच्या ताब्यात द्या: कुठलं झाड, किती उंच, आई कधी येते. अट एकच, घरट्यापासून दहा पावलं दूर राहायचं आणि अंड्यांना हात लावायचा नाही. पलूसकडच्या एका शाळेत असा एक मुलगा टिटवीच्या अंड्यांवर महिनाभर लक्ष ठेवून होता. खड्यांसारखीच दिसणारी चार अंडी, उघड्या माळावर. भर उन्हात टिटवी पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, हे त्यानं आम्हाला दाखवलं. गलोल त्यानं टाकली की नाही हे मी विचारलं नाही. त्या महिन्यात ती त्याच्या हातात दिसली नाही, एवढं खरं.

टिटवीवरून आठवलं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना वर्गात आणा. टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, असं आपल्याकडे म्हणतात. एखादे धनगर आजोबा ते ठासून सांगतील. खोटं म्हणून उडवून लावू नका आणि खरं म्हणून पाठही करून घेऊ नका. घरटं कुठं होतं आणि पाऊस किती झाला, हे वहीत लिहून ठेवा. पाच-सहा वर्षांच्या नोंदी झाल्या की मुलंच ठरवतील.

सहलीला कधी पैसे जमलेच तर तुम्हाला सागरेश्वर जवळ आहे. सुमारे ११ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं. उघड्याबोडक्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून, राखून ते उभं केलं, आणि वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलेलं आहे. बारमाही पाण्याचा झरा नाही, म्हणून पाणवठे बांधावे लागले. सांबर, चितळ, काळवीट सकाळी लवकर गेलात तर दिसतात. मुलांना हेही कळतं की जंगल हे नेहमी आपोआप आलेलं नसतं. साताऱ्याजवळच्या कास पठारावर सगळ्यांना जायचं असतं. २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे, ८५० च्या आसपास फुलझाडांच्या जाती आहेत. पण सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी गर्दीत लहान मुलांना नेऊन पायवाटेवरून पुढं ढकलण्यात मला काही अर्थ वाटत नाही. गेलात तर आधी नोंदणी करून, मधल्या वारी जा आणि पायवाटेच्या कडेला गुडघे टेकून दोनच गोष्टी दाखवा: दवबिंदू आणि सीतेची आसवं. दोन्ही किडे खाणाऱ्या. जांभ्या खडकावर मातीचा थर इतका पातळ आहे की नत्र पुरत नाही, ते किड्यांतून मिळवतात. चौथीच्या मुलांना हे कारण पूर्ण समजतं. रंगीत गालिचे मोठ्यांना बघू द्या.

शेवटी तुमच्या शनिवारच्या तासासाठी एक कामाची गोष्ट. वर्गाच्या भिंतीवर एक मोठा कागद चिकटवा आणि वर लिहा, "अजून कळलेलं नाही." ज्याचं उत्तर तुम्हाला येत नाही असा प्रत्येक प्रश्न, विचारणाऱ्याच्या नावासह, त्यावर. उत्तर कळलं की शेजारी लिहायचं: कुणाला, कधी, काय बघून कळलं. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज ओळखणारी मर्लिनसारखी ॲप आहेत. ती वापरा, पण मुलांनी ऐकून, बघून, वहीत काढून झाल्यावर. मूल्यमापनासाठी वेगळी परीक्षा नको, हा कागद आणि मुलांच्या वह्या पुरतात. केंद्रप्रमुख आले तर तेच दाखवा. एप्रिलअखेरीस जे प्रश्न उरतील ते चौथीच्या मुलांनी तिसरीच्या मुलांना वाचून दाखवावेत आणि त्यांच्या ताब्यात द्यावेत. जूनमध्ये तोच कागद पुन्हा भिंतीवर लावा.